अडकलेला गुलमोहर

गुलमोहर पडला असं आळीतले सगळे म्हणत होते. खरं म्हणजे तो पडायचा राहिला होता. बुंधा इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या घरामागच्या कोपऱ्यात, शेंडा गच्चीच्या कठड्यावर, एक जाड फांदी शेजारच्या काकूंच्या पत्र्याच्या शेडवर, आणि मधलं सगळं खोड अधांतरी. मुळांचा गड्डा मातीसकट उपटून उभा राहिला होता, त्याच्यामागे माणूस उतरेल एवढा खड्डा. तरी निम्मी मुळं अजून जमिनीतच होती.

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून मऊ होते. गुलमोहराची मुळं उथळ पसरतात, लाकूड ठिसूळ आणि वर पसारा मोठा. जुलैच्या ओल्या जमिनीत वाऱ्याचा एक झोत पुरला.

खांबावरून घरात येणारी वायर फांद्यांत गुरफटून तुटली होती, म्हणून रात्रीच 1912 वर वीज कंपनीला कळवलं. लाईनमन येऊन खांबावरून पुरवठा तोडेपर्यंत मागच्या अंगणात कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. घरातला इन्व्हर्टरही बंद केला. आईची खोली नेमकी त्या कठड्याखाली. तिला पुढच्या खोलीत हलवताना "माझे देव तरी घेऊ द्या" म्हणून ती परत फिरत होती, शेवटी देव्हाराच उचलून आणला. गॅसचं सिलिंडर बाहेर काढलं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी नळ सोडून रिकामी करायचं बायकोला सुचलं. हजार लिटर म्हणजे एक टन; वर झाड रेललेलं असताना स्लॅबवरचं तेवढं तरी ओझं उतरलं.

सकाळी निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, उद्यान विभागात फोटोंसह अर्ज देऊन पोच घेतली. मध्य प्रदेशात शहरांतल्या झाडांसाठी 2001 चा कायदा आहे, झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते; आणि आमचं झाड आडवं झालं तरी मुळावर होतंच. पुढे घराच्या विम्यालाही हेच फोटो आणि हीच पोच लागली.

परत येतो तर ओटल्यावर टालवाला, म्हणजे लाकडाच्या वखारीचा माणूस, बसलेला. "भिया, पैसा एक मत दो, बस लकड़ी हमारी." दोन पोरं, एक कटर मशीन आणि कुऱ्हाड. फुकटात काम होतंय तर करून टाका, असं शेजारच्या काकांनी मला बाजूला घेऊन समजावलंही. पण त्यातलं एक पोरगं चपला घालून खोडावर चढलं, दोन उड्या मारल्या आणि "मजबूत है" म्हणालं. तिथेच मी हात जोडले.

मित्राच्या ओळखीने आली ती पिथमपूरच्या कारखान्यांत मशिनरी चढवणारी-उतरवणारी खलाशांची टोळी. त्यांचा म्होरक्या, सगळे त्याला उस्ताद म्हणत, आला तो हातात टेप आणि लाल ऑइल पेंटचा डबा घेऊन. बराच वेळ त्याने कशालाच हात लावला नाही. नुसता फिरत होता. गच्चीवरून पाहिलं, शेजारच्या शेडमागून पाहिलं, खड्ड्यापासून लांब उभं राहून मुळं पाहिली. मग एकेका फांदीवर लाल फुली मारायला लागला. मला वाटलं, या तोडायच्या. उलट होतं. फुली मारलेल्या फांद्या झाडाला टेकू देत होत्या. त्या शेवटपर्यंत ठेवायच्या. टालवाल्याने आधी त्याच काढल्या असत्या, कारण हाताशी होत्या.

दुसरी गोष्ट त्याने दाखवली ती वाकलेल्या फांदीची. आतल्या बाजूची साल सुरकुतलेली, बाहेरच्या बाजूला बारीक चिरा. सुरकुतलेल्या बाजूला लाकूड दाबलेलं असतं, चिरांच्या बाजूला ताणलेलं. थेट ताणलेल्या बाजूने मशीन घातलं तर फांदी फाटून अंगावर उसळते, आणि दाबलेल्या बाजूने खोल घातलं तर काप मिटून मशीनची पट्टीच आत अडकते. म्हणून आधी दाबलेल्या बाजूला उथळ काप, मग ताणलेल्या बाजूने पुरा करायचा, आणि कापणाऱ्याने फांदी सुटून जिकडे येईल त्या रेषेत उभं राहायचं नाही.

हायड्रा, म्हणजे चाकांवर फिरणारी क्रेन, कुठे उभी करायची यावर मात्र वाद झाला. ड्रायव्हरला ती सरळ मागच्या अंगणात आणायची होती, झाडाच्या जवळ. उस्तादने जमिनीत सळई खुपसून दाखवली. फारसा जोर न लावता वीतभर गेली. चौदा टनांची हायड्रा म्हणतात ती बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, आखूड आणि उभा असताना. बूम लांब काढून आडवा केला की उचलायची ताकद झपाट्याने उतरते, केबिनमधल्या चार्टवर ते लिहिलेलंच असतं. त्यात हायड्रा पाय न टेकता टायरवर उभी राहून उचलते. एक चाक काळ्या मातीत खचलं तर यंत्रच कलंडायचं. म्हणून ती बाजूच्या बोळात, डांबरावर. तिथून झाड नऊ मीटर. तेवढ्या अंतरावर उस्तादने टनाच्या आतच काम करायचं ठरवलं.

बाकीचा हिशोब या अंतरावरून निघाला. खोडाचा घेर 190 सेंटीमीटर, म्हणजे जाडी साठच्या आसपास. ओलं लाकूड पाण्याच्या वजनाचं धरलं तर मीटरला जवळजवळ तीन क्विंटल. म्हणून दोन-दोन मीटरचे तुकडे, सहा क्विंटलच्या घरात. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग होता. लोक आधी विचारतात, क्रेन किती टनांची? पहिला प्रश्न हा हवा की ती उभी कुठे राहणार.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी लाईनमनने बोळातल्या तारांचाही पुरवठा बंद केला आणि ते करून झाल्यावरच बूम उठला. आधी फुली नसलेल्या बारीक फांद्या निघाल्या. मग तुकडे. तुकडे ज्या कापडी बेल्टने हुकाला टांगतात, त्याची उचलायची ताकद रंगावर कळते: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. फास घालून बांधला की त्यातली ऐंशी टक्केच धरायची. दोन बेल्ट फाकवून लावले आणि ते जमिनीशी तीस अंशांपर्यंत आडवे झाले, तर प्रत्येकावर निम्मं नव्हे, पूर्ण वजन येतं. उस्तादने हिरवे बेल्ट दुहेरी वेढा देऊन, फांदीच्या खुंटाच्या आत अडकवून लावले, कारण ओल्या सालीवरून बेल्ट सरकतो. एका जागी खोड पोकळ निघालं, वाळवीने खाल्लेलं; तिथला बेल्ट काढून पुढे सरकवला.

काप घेण्याआधी हुक नुसता ताणून घेतला, उचलला नाही. ढिला राहिला तर तुटलेला तुकडा खाली येऊन क्रेनला झटका देतो. जास्त ताणला तर तुटताक्षणी वर उसळतो. तुकडा सुटला की दोन जण दोऱ्या धरून त्याला घराच्या भिंतीपासून लांब ठेवत, आणि उस्ताद हात खाली करत "आरिया, आरिया" म्हणत तो बोळात उतरवी. एका वेळी इशारे एकाच माणसाचे. गच्चीतून सूचना देणाऱ्या आमच्या काकांना त्याने फार अदबीने चहाला खाली पाठवलं.

कठड्यावरचा शेवटचा तुकडा उचलला तेव्हा सुटी झालेली विटांची ओळ गच्चीच्या आत कोसळली. गच्चीवर कुणी नव्हतं.

मुळांच्या गड्ड्याकडे मात्र सगळ्यांनाच लांब उभं केलं. खोडाचं ओझं निघालं की जमिनीतली उरलेली मुळं गड्ड्याला मागे खेचतात, आणि तो खड्ड्यात बसतो. खड्ड्यात डोकावणारा माणूस त्याच्याखाली येतो. मुलांना त्या दिवशी आत्याकडे धाडलं होतं ते याचसाठी. बुंध्याला चार-पाच फूट खोड ठेवून काप घेतला. लाकूड कुरकुरलं, आणि तो सबंध थोटूक मातीसकट हळूच मागे वळून अर्धा उभा राहिला. थांबला असं वाटल्यावरही उस्तादने बराच वेळ कुणाला जवळ जाऊ दिलं नाही.

हायड्राचं भाडं निघाल्यापासून परत पोचेपर्यंतचं लागतं, तेव्हा यंत्र येण्याआधी टोळीची सगळी तयारी झालेली बरी. बिलात निम्म्याहून जास्त वाटा तिचाच होता. उस्तादच्या मजुरीत मी घासाघीस केली नाही. कठडा पुन्हा बांधला, शेडचे दोन पत्रे काकूंना बदलून दिले. थोटूक तिथेच आहे, त्याच्या खालून नळाची लाईन जाते. लाकूड शेवटी त्याच टालवाल्याने नेलं. गुलमोहराला जळाऊ लाकडाचाच भाव मिळतो, असं म्हणत त्याने पोकळ निघालेल्या तुकड्यांचं वजन बेधडक वजा केलं.