तुम्ही विचारलेत म्हणून: त्या सभेत मी गप्प का राहिले

"पावती तुमच्याजवळ होती, मग ती दाखवून त्यांचे तोंड बंद का केले नाहीत?" आमच्या चर्चच्या मंडळीच्या वार्षिक सभेत गरिबांच्या मदतीसाठीच्या निधीतील पैशांवरून माझ्यावर संशय घेतला गेला, तेव्हापासून हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी काहींना माझी कळकळ असते, काहींच्या मनात तो संशय अजून शिल्लक असतो, आणि दोघांनाही मी आजवर अर्धेमुर्धे उत्तर देऊन परत पाठवले आहे. "तुम्ही फार नम्र आहात," असे म्हणून विषय मिटवणाऱ्यांचे मला अधिक वाईट वाटते, कारण त्या घटकेला माझ्या मनात जे उसळत होते त्याला नम्रता हे नाव शोभणार नाही.

अहवालात एका रकमेपुढे केवळ 'साहाय्य' असे लिहिलेले होते. ज्या कुटुंबाला ती रक्कम दिली, त्यांनी आपले नाव कोठेही येऊ नये अशी विनंती केली होती. तेव्हाचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, बदलून गेले होते आणि दिलेला शब्द पाळायला मी एकटी कोषाध्यक्ष उरले होते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एक वडील उभे राहिले आणि म्हणाले, "हे पैसे कोणाच्या घरी गेले, ते बाईंनी सांगावे." 'घरी' या शब्दावर ते किंचित थांबले. मागच्या रांगेत कोणीतरी हसले. फाइल माझ्या मांडीवर होती आणि माझ्या बोटांनी पावती अर्धी बाहेर ओढलीही होती. खालची सही मला दिसत होती. ओठांवर वाक्य तयार होते, ते आजही जसेच्या तसे आठवते: "ही पावती, ही सही, आता भर सभेत माझी क्षमा मागा." मी ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिले, आणि त्यात ते कुटुंब नव्हते, निधी नव्हता, सत्याची चाडही फारशी नव्हती, होते ते फक्त माझे नाव आणि समोरच्या माणसाचा उतरलेला चेहरा. तो चेहरा पाहण्यासाठी मी दुसऱ्याची अडचण चव्हाट्यावर मांडायला निघाले होते. पावती मी आत सरकवली आणि म्हणाले, "सभेने दोन तपासनीस नेमावेत. त्यांना मी सगळे कागद दाखवीन. नाव येथे सांगणार नाही." मग खाली बसले. ज्यांना मदत झाली ते त्या दिवशी सभागृहात होते की नव्हते, हेही मी सांगणार नाही.

तपासणी झाली, हिशोब बरोबर निघाला आणि पुढच्या सभेत तसे एका ओळीत वाचून दाखवण्यात आले. संशय भर सभेत उठतो आणि इतिवृत्तात फिटतो.

ऐन उमेदीतली ती जुनी मी आज समोर असती, तर तिने बायबलचे दाखले देऊन मला येथेच अडवले असते. फिलिप्पै शहरात अधिकारी प्रेषित पौलाला तुरुंगातून गुपचूप सोडू पाहत होते, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे असा आग्रह त्याने धरला. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना कोणी बोट ठेवू नये म्हणून माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करण्याची काळजी त्याने घेतली. महायाजकासमोर चपराक बसली तेव्हा प्रभू येशूनेही विचारलेच, की मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मला का मारतोस? मग तू कोण गप्प राहणारी? तिचे म्हणणे मला खोडता येत नाही. माझ्या बाजूने मोशे आहे, ज्याच्याविरुद्ध त्याचीच भावंडे मिर्याम आणि अहरोन बोलली तेव्हा त्याने स्वतःची बाजू मांडली नाही. आणि पेत्राचे पहिले पत्र आहे, ज्यात निंदा सोसणाऱ्या ख्रिस्ताने आपला न्याय पित्यावर सोपवला असे लिहिले आहे. कागद मी दडवले नाहीत. फक्त माझे नाव तत्काळ धुऊन निघावे हा हक्क सोडला.

मात्र माझे उदाहरण देऊन कोणी एखाद्या गांजलेल्या स्त्रीला "तूही सोस" असे सांगणार असेल, तर त्याला माझी सक्त हरकत आहे. नम्रतेचा उपदेश बहुधा ज्यांना आधीच खाली बसवले आहे त्यांनाच केला जातो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे ओळखून प्रभू शिष्यांचे पाय धुवायला उठला. माझ्या हाती पावती होती. जिच्या हाती काहीच नाही, तिचे गप्प राहणे आणि माझे गप्प राहणे एक नव्हे.

आणि ते गप्प राहणेही निर्मळ राहिले नाही. पुढे कित्येक दिवस प्रार्थनेला बसले की येशूच्या दाखल्यातल्या, स्वतःच्या धार्मिकपणाचा गर्व मिरवणाऱ्या परूश्याचेच शब्द तोंडी येत: देवा, मी त्या वडिलांसारखी नाही म्हणून तुझे आभार. गर्व दाराबाहेर काढला असे वाटत असताना तो सोशिकपणाच्या आडून पुन्हा घरात आला होता. येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला तेव्हा वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याची येशूची आज्ञा मला टाळता येईना. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, एवढेच ती आज्ञा म्हणते, चूक कोणाची हे विचारत नाही. मी त्या वडिलांच्या घरी गेले. "मी प्रश्न विचारला, आरोप केला नाही," असे ते म्हणाले. क्षमेचा शब्द निघाला नाही. आम्ही प्रार्थना केली आणि मी परतले. त्याने आमच्यात काय बदलले, हे मला नीट सांगता येत नाही.

ती जुनी मी अजून एक गोष्ट ऐकवते: जे हसले, त्यांच्यापर्यंत सत्य कधी पोहोचलेच नाही, आणि यापुढे कोणताही कोषाध्यक्ष गुप्त मदत द्यायला धजणार नाही. हे तिचे म्हणणे मला सर्वांत जास्त टोचते. म्हणून मी ठराव मांडला आहे, की अशी प्रत्येक मदत कोणाला जाते, हे ती देण्यापूर्वीच दोन वडिलांना ठाऊक असावे आणि सभेत प्रश्न आल्यास उत्तर त्यांनी द्यावे. ठराव अजून चर्चेत आहे. ज्यांनी मला प्रश्न विचारला होता, त्या वडिलांचे नाव त्या दोघांपैकी एक म्हणून मीच सुचवले आहे, आणि ते मी कोणत्या भावनेने सुचवले हे मला अजून ठरवता आलेले नाही.