दहा मिलिग्रॅम, रात्रीच्या जेवणानंतर

कॉलेजच्या वयात आलेले मुरूम तेविसाव्या वर्षापर्यंत गेले होते, आणि ते कायमचे गेले असे मी व घरातले सगळेच धरून चाललो होतो. मुलगी दीड वर्षाची झाली, तिचे अंगावरचे दूध सुटले आणि पुढच्या काही महिन्यांतच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते परत आले. पूर्वी ते कपाळावर आणि नाकावर असत. आता त्यांनी हनुवटी, जबड्याची कड आणि कानाखालची मान धरली. त्वचेच्या आत खोलवर वाटाण्याएवढी गाठ येई, आठ-दहा दिवस ठणके, फुटत नसे, आणि बसली की त्या जागी काळपट डाग ठेवून जाई, जो तीन-चार महिने हटत नसे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अशा दोन-तीन गाठी ठरलेल्याच. उशीवर डाव्या कुशीला झोपता येत नव्हते, हे मी बराच काळ कुणाला सांगितलेही नाही.

सल्ले मात्र न मागता मिळत गेले. आई फोनवर म्हणाली, "अगं, पोट साफ होत नसेल तुझं, रात्री त्रिफळा घेत जा." सासूबाईंनी अंगणातल्या कडुलिंबाचा पाला वाटून दिला. शेजारच्या काकूंच्या मते हा नागपूरच्या उन्हाळ्याचा आणि माझ्या अंगातल्या उष्णतेचा दोष होता. या सर्वांचा माझ्यावर जीव आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण प्रत्येक सल्ल्याच्या मुळाशी माझेच काहीतरी चुकते आहे, खाण्यात, झोपेत किंवा स्वच्छतेत, हे गृहीत धरलेले असे, आणि ते मनाला फार लागे. मी दिवसातून पाच-पाच वेळा चेहरा धुऊ लागले होते. त्याने त्वचा सोलवटली, मुरूम तसेच राहिले.

याच काळात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. एका औषधाच्या दुकानातून मी चिठ्ठीशिवाय एक गोरेपणाचे मलम आणले, कारण दुकानदाराने ते डागांवर उत्तम चालते असे सांगितले होते. दोन आठवडे चेहरा खरोखरच नितळ दिसला. त्या मलमात स्टिरॉइड होते. तिसऱ्या महिन्यात मलम लावले नाही तर चेहरा लालबुंद होऊन जळजळे, गालावर बारीक लव वाढली आणि मुरुमांची संख्या दुप्पट झाली. स्टिरॉइडने बिघडलेले असे चेहरे त्वचारोगतज्ज्ञांकडे रोज येतात, आणि तो परिणाम ओसरायला कित्येक महिने लागतात. माझे पाच महिने त्यातच गेले. त्यानंतर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचे दोन कोर्स झाले. गोळ्या चालू असेपर्यंत आराम पडे, थांबल्या की सहा आठवड्यांत पुन्हा तेच. प्रतिजैविके मुरुमांसाठी साधारण तीन महिन्यांपलीकडे ओढू नयेत, कारण जंतू त्यांना सरावतात, हे मला तेव्हा समजले.

आता ज्यांच्याकडे मी जाते त्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत चेहऱ्यापेक्षा पाळीबद्दल अधिक विचारले. पाळी नियमित येते का, हनुवटीवर राठ केस येतात का, डोक्यावरचे केस विरळ होत आहेत का, वजन एकाएकी वाढले का. सोनोग्राफी आणि संप्रेरकांच्या रक्ततपासण्या केल्या. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या असंतुलनाने होणारा बीजकोशांचा विकार, निघाला नाही. प्रौढ वयात मुरूम येणाऱ्या पुष्कळ स्त्रियांचे अहवाल असे सरळ येतात, कारण संप्रेरकांचे प्रमाण योग्य असले तरी त्वचेतल्या तैलग्रंथी त्यांना जास्त प्रतिसाद देतात. डॉक्टर म्हणाल्या, "हे तुम्ही केलेलं नाही आणि हे एका कोर्समध्ये संपणारंही नाही. दमा किंवा थायरॉइडसारखं याच्याकडे बघा." माझ्या डोळ्यांत पाणी आले. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दोष माझ्या अंगावरून उचलला होता.

दोन मार्ग होते. पहिला स्पायरोनोलॅक्टोनचा. हे मूळचे लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारे औषध, पण ते पुरुषी संप्रेरकांचा त्वचेवरचा परिणामही रोखते, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ४१० स्त्रियांच्या चाचणीत त्याचा मुरुमांवर चांगला उपयोग दिसला होता. माझा रक्तदाब मुळातच ९०/६० च्या आसपास असल्यामुळे तो मार्ग बाजूला ठेवला. राहिले आयसोट्रेटिनॉइन.

हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध अमेरिकेत १९८२ पासून वापरात आहे. ते तैलग्रंथी आकसवते, रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशींचा जो बूच बसतो तो बसू देत नाही, आणि तेलच कमी झाल्याने मुरुमांच्या जंतूंना पोसणारे फारसे उरत नाही. रूढ पद्धतीत वजनाच्या दर किलोमागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम देतात आणि एकूण मात्रा किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम होईपर्यंत कोर्स चालतो. माझे वजन ५८ किलो, म्हणजे रोजचे ३० ते ६० मिलिग्रॅम झाले असते. डॉक्टरांनी २० पासून सुरुवात केली आणि तिसऱ्या महिन्यानंतर १० वर आणले. कमी मात्रेत कोरडेपणा व इतर त्रास बराच कमी होतो. त्याबदल्यात औषध जास्त काळ घ्यावे लागते, आणि गंभीर स्वरूपाच्या मुरुमांत थांबवल्यावर ते परतण्याची शक्यताही अधिक राहते. हा सौदा मला समजावून सांगितला गेला आणि मी तो समजून स्वीकारला.

ज्या एका गोष्टीत मात्रेच्या लहानपणाने काहीही फरक पडत नाही, ती मी इथे सविस्तर लिहिते. या औषधाने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते, मेंदू, हृदय, चेहरा, कान यांत, आणि दहाच मिलिग्रॅम आहे म्हणून तो धोका टळत नाही. गोळी सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून, ती चालू असताना आणि थांबवल्यावर आणखी एक महिना गर्भधारणा होता कामा नये. मी तांबी बसवून घेतली, सुरुवातीपूर्वी लघवीची चाचणी केली आणि नंतरही डॉक्टर सांगतील तेव्हा करत राहिले. या काळात रक्तदानही चालत नाही, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला दिले जाऊ शकते.

गेल्या दिवाळीत माझी चुलत नणंद घरी आली होती. तिच्या लग्नाला चार महिने झाले होते आणि तिच्याही हनुवटीवर पुटकुळ्या होत्या. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर माझी स्ट्रिप पाहून ती म्हणाली, "वहिनी, यातल्या दहा गोळ्या मला द्या ना, तुमचा चेहरा किती छान झालाय." तिने स्ट्रिप हातात घेऊन दुमडायलाही सुरुवात केली होती. मी ती अक्षरशः तिच्या हातातून काढून घेतली, तिला शेजारी बसवले आणि पाकिटावरचा इशारा मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी ती दोन महिन्यांची गरोदर होती, हे आम्हा दोघींनाही आठवडाभराने कळले. तेव्हापासून माझी औषधे कपाटात कुलपाआड असतात.

बाकीचा त्रास सोसण्यासारखा आहे, पण तो नाही असे मी म्हणणार नाही. ओठ सर्वांचेच कोरडे होतात. माझ्या तोंडाचे कोपरे पहिल्या हिवाळ्यात इतके चिरले की मिरचीचा ठेचा खाणे बंद झाले. साधे पेट्रोलियम जेली मी पर्समध्ये, उशाशी आणि स्टाफरूमच्या खणात अशा तीन ठिकाणी ठेवते. ऊन लवकर बाधते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, म्हणून सनस्क्रीन लावून, वर सुती दुपट्टा गुंडाळूनच मी गाडीवर बसते. डाग फिके होण्यासाठीही हे तितकेच गरजेचे आहे. एकदा भाच्याच्या लग्नाच्या गडबडीत, डॉक्टरांनी बजावलेले असूनही, मी वरच्या ओठाचे वॅक्सिंग करून घेतले. पट्टी ओढली तशी तिच्याबरोबर कातडीची पातळ पापुद्री निघाली आणि लग्नात मी ओठावर मलमाचा पांढरा थर घेऊन वावरले. गोळी थांबवल्यावरही निदान सहा महिने वॅक्सिंग करायचे नसते.

गोळी स्निग्ध अन्नाबरोबर नीट शोषली जाते, म्हणून ती रात्री, वरणावर तूप घेऊन जेवल्यावर लगेच घ्यायची, हे ठरून गेले आहे. यकृताची आणि ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची, तपासणी सुरुवातीपूर्वी व नंतर ठरावीक अंतराने झाली. एकदा ट्रायग्लिसराइड किंचित वाढलेले निघाले, तेव्हा दिवाळीचा फराळ आवरता घेतला. कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या बंद केल्या, कारण त्यांतही 'अ' जीवनसत्त्व असते. मनाच्या अवस्थेवर लक्ष ठेवायलाही डॉक्टरांनी सांगितले होते, आणि ते काम मी नवऱ्यावर सोपवले, कारण आपली उदासी आपल्याला उशिरा दिसते.

पहिल्या महिन्यात मुरूम वाढले. दुसऱ्यात काही फरक नव्हता. मी दर महिन्याच्या पाच तारखेला खिडकीपाशी, एकाच उजेडात, हनुवटीचा फोटो काढत असे, आणि चौथ्या फोटोत पहिल्यांदा नवीन गाठ नव्हती. सातव्या महिन्यात मी डाव्या कुशीवर झोपले.

आता दीड वर्ष झाले आहे आणि सहा महिन्यांपासून मी गोळी एक दिवसाआड घेते. भेटेल तो विचारतो, "अजून सुरूच आहे का गं तुझं औषध?" माझी आई चौदा वर्षे रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, तिला हा प्रश्न कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. चेहऱ्याचा आजार हा आजार नसून हौस आहे, असे लोकांना वाटते म्हणून हा प्रश्न येतो, आणि मी आता प्रत्येक वेळी थांबून, शांतपणे, त्याचे पूर्ण उत्तर देते.

पुढच्या महिन्यातल्या तपासणीनंतर गोळी थांबवून पाहायची आहे. थांबली तरी रात्री अडॅपॅलीन हे मुरुमांवरचे मलम चालूच राहील, मटारच्या दाण्याएवढे, कोरड्या चेहऱ्यावर, डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे सोडून. तांबी निदान महिनाभर काढायची नाही, ही तारीख मी कॅलेंडरवर आताच लिहून ठेवली आहे. पाच तारखेचे फोटोही चालू राहतील.