हलशी, देगाव, कित्तूर : बेळगावातून एका दिवसाचा फेरा

बेळगावातून खानापूरमार्गे गोव्याला जाणाऱ्यांना हलशीचा फाटा ठाऊक असतो, पण तिकडं गाडी वळवणारे थोडे. कित्तूरला शाळेची सहल जाते, तेवढ्यावर विषय संपतो. आणि मधलं देगाव बेळगावातल्याही निम्म्या लोकांनी पाहिलेलं नसेल. ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात, एकटीनं, स्कूटरवरून आरामात होतात. फक्त क्रम असाच ठेवा: आधी हलशी, मग देगाव, शेवटी कित्तूर. खानापूरकडचे आतले रस्ते सकाळी उरकतात आणि परतताना हमरस्ता मिळतो.

निघायचं सकाळी सातच्या आत. टाकी बेळगावातच भरून घ्या, चाकातली हवा बघा. खानापूर पंचवीसेक किलोमीटर. न्याहारी तिथंच करावी, कारण पुढं कित्तूर येईपर्यंत चहा आणि बिस्किटापलीकडं कशाची खात्री देता येत नाही.

खानापूरहून नंदगडची वाट धरायची. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा याची समाधी इथं आहे. कित्तूर इंग्रजांच्या हाती पडल्यावर त्यानं गावोगावची माणसं जमवून इंग्रजांना सळो की पळो केलं, शेवटी फितुरीनं पकडला गेला आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडजवळ फाशी गेला. जन्म १५ ऑगस्टचा मानतात, त्यामुळं दोन्ही तारखांना इथं मोठी गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा. समाधीजवळच्या वडाला मूल व्हावं म्हणून बायकांनी बांधलेले छोटे लाकडी पाळणे लटकलेले दिसतात. एका बंडखोराकडं लोक दोनशे वर्षांनी हे मागणं मागतात, हे मला कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठं वाटलं.

हलशी तिथून जवळच. गावात शिरताना इथं कधी राजधानी होती अशी शंकाही येत नाही: कौलारू घरं, गोठे, मधे अरुंद रस्ता. पण जुन्या ताम्रपटांतली ‘पलाशिका’ ती हीच. बनवासीच्या कदंब राजघराण्याची ही दुसरी राजधानी. पाचव्या शतकात मृगेशवर्मा या कदंब राजानं वडिलांच्या स्मरणार्थ इथं जिनालय बांधलं होतं. पुढं गोव्याच्या कदंबांनीही हलशी हातची सोडली नाही.

मुख्य देऊळ भूवराह नरसिंहाचं, बाराव्या शतकातलं. त्याची गंमत म्हणजे दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात बसलेला विष्णू, दुसऱ्यात भूदेवीला उचलून धरलेला वराह. मधल्या मंडपात उभं राहिलं की एका देवाकडं पाठ होतेच. मला तरी कडेला सरकून आळीपाळीनं दोन्हीकडं बघणं बरं वाटलं. वराहाची मूर्ती उंच आणि जिवंत आहे, तिला वेळ द्या. बाहेर आल्यावर शिखर बघा: नक्षीचा सोस नाही, दगडाच्या पायऱ्या एकावर एक रचत नेल्यासारखं. यालाच कदंब शिखर म्हणतात, आणि एकदा ओळखता आलं की या भागात ते ठिकठिकाणी दिसायला लागतं.

गाभाऱ्यात फोटो काढायचा तर पुजाऱ्यांना विचारून. मराठी सगळ्यांना येतं. “कुठनं आल्यासा? एकट्याच?” हा प्रश्न मला प्रत्येक ओसरीवरून आला, त्यात चौकशीपेक्षा काळजी जास्त. उत्तर दिलं की पाणी मिळतं, वर पुढच्या रस्त्याची माहिती. गावात सुवर्णेश्वर, कल्लेश्वर अशी आणखी देवळं आहेत. सगळी बघायच्या मागं लागलात तर देगाव हुकेल. सुवर्णेश्वर बघा आणि निघा.

पुढं बिडीमार्गे कित्तूरकडं. या रस्त्यावर बोली बदलत जाते. हलशीत मराठी, बिडीत दोन्ही, देगावात कानडी. पाट्या सगळ्या कानडीत, त्यामुळं नकाशा आधीच मोबाईलवर उतरवून ठेवा. रेंज मधेमधे जाते. कानडी येत नसेल तर “देगाव गुडी एल्ली?” (देगावचं देऊळ कुठंय?) एवढं पुरतं, हात आपोआप योग्य दिशेला उठतात.

कित्तूरच्या अलीकडं पाच-सहा किलोमीटरवर देगाव. कन्नडमध्ये देगांवे. या फेऱ्यात एकच ठिकाण करायचं असेल तर मी हेच करीन, हलशीवाल्यांनी रागावू नये. गोव्याचा कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिनं बाराव्या शतकात हे कमलनारायणाचं देऊळ बांधवलं. हलशीचं वैभव नवऱ्याच्या काळातलं, देगावचं बायकोच्या हौसेचं, आणि नक्षीत बायकोनं नवऱ्याला मागं टाकलंय. बाहेरून देऊळ ठेंगणं, लांबट. आत शिरलं की खांबांच्या रांगा आणि ओळीनं तीन गाभारे. मधल्यात नारायणाच्या मांडीवर लक्ष्मी. छताची कमळं मान दुखेपर्यंत बघा. उन्हं कलती असताना बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम उठून दिसतं, म्हणून इथं भर दुपारी पोचू नये असा माझा आग्रह असता. पण हलशीहून निघाल्यावर वेळ तीच होते, त्याला इलाज नाही. निदान आत गारवा आहे. विजेरी सोबत असू द्या, गाभाऱ्यांत अंधार असतो. आसपास दुकान नाही असं समजूनच पाणी घेऊन या.

जेवण कित्तूरला. बसस्टँडच्या आसपासच्या खानावळीत जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी आणि वर दही. मागेल तेवढी चटणी वाढतात.

किल्ल्याबद्दल अपेक्षा थोड्या कमी ठेवून जा. चन्नम्मांच्या वाड्याच्या आता भिंती आणि जोतीच उरली आहेत. पण हिंडायला तास सहज जातो. न्हाणीघरं, पाण्याचे नळ, आणि ध्रुवतारा बघण्यासाठी भिंतीतून आरपार ठेवलेलं गोल भोक. गादीला वारस म्हणून घेतलेला दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी संस्थान गिळायला घेतलं, तेव्हा २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे इथंच पडला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला गेला. राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथंच १८२९ मध्ये तिचा अंत झाला.

एक गोष्ट आपल्याकडं फारशी सांगितली जात नाही: चन्नम्मांचे यजमान मल्लसर्ज यांना दुसऱ्या बाजीरावानं पुण्यात अडकवून ठेवलं होतं, आणि सुटून परतताना १८१६ मध्ये ते वारले. कित्तूरच्या पडझडीत पुण्याचाही हात आहे. किल्ल्यात फिरताना मराठी माणसानं हे माहीत असलेलं बरं.

किल्ल्यातलं संग्रहालय बघायचं असेल तर चारच्या आत पोचा, सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. ऑक्टोबरच्या २३ तारखेच्या आगेमागे कित्तूर उत्सव असतो, तेव्हा गाडी लावायला जागा मिळत नाही.

परतीला पुणे-बंगळूर हमरस्ता, पन्नासेक किलोमीटर. दुचाकीला टोल नाही, पण ट्रकांचा वेग धडकी भरवतो. डावी बाजू सोडू नका. वाटेत एम. के. हुबळीला मलप्रभेच्या पात्रात बसवेश्वरांच्या पत्नी गंगांबिकांचं ऐक्य स्थळ, म्हणजे समाधी, आहे. उजेड असेल तर दहा मिनिटं थांबा, नसेल तर सरळ घर गाठा.

बसनं करायचं झालं तर हलशी आणि कित्तूर वेगळ्या दिवशी करा. खानापूरहून हलशीकडं गाड्या आहेत, पण परतीची वेळ कंडक्टरला उतरतानाच विचारून घ्यावी. देगावसाठी कित्तूरहून रिक्षा ठरवा, थांबण्याचे पैसे आधी बोलून. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, खानापूरच्या बाजूला पाऊस असा कोसळतो की दुचाकीवाल्यांनी हा बेत दिवाळीनंतरच काढावा. आणि जंगलाच्या कडेचे रस्ते अंधार पडल्यावर नकोत, खानापूर तालुक्यात अस्वलं आहेत. सौंदत्ती किंवा गोकाक याच दिवसात कोंबायचा मोह होईल. त्या दोन्हीला वेगळा दिवस काढा.