केनेबेकच्या काठची सुईणबाई

अमेरिकेच्या मेन राज्यात जाणारे आपले लोक बहुतेक लॉब्स्टर खायला आणि अकेडिया राष्ट्रीय उद्यानातला सूर्योदय बघायला जातात. आम्हीही त्यासाठीच निघालो होतो. पण वाटेत ऑगस्टा लागतं, आणि तिथे अर्धा दिवस थांबायचंच असं मी घरच्यांच्या नाराजीला न जुमानता ठरवून टाकलं होतं. कारण होती मार्था बॅलर्ड नावाची एक सुईण.

ऑगस्टा राज्याची राजधानी, पण गाव लहानसं. मधून केनेबेक नदी वाहते. समुद्राची भरती इथवर चढते, म्हणजे गलबतं इथवर यायची. तिच्या काठावर १७५४ साली बांधलेला फोर्ट वेस्टर्न अजून उभा आहे. किल्ला म्हणून रायगड-प्रतापगड डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर निराशा होईल. हा एक लांबलचक लाकडी वाडा आहे. भोवतीचं कुंपण आणि टेहळणीचे बुरूज नव्याने उभारलेले, मधली इमारत मात्र मूळची. सैनिक गेल्यावर हॉवर्ड कुटुंबाने इथे दुकान थाटलं. त्या काळी लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याची. म्हणजे घरी सूत कातलं, कापड विणलं बायकोने आणि लेकींनी, तरी दुकानाच्या खात्यावर नाव यायचं घरधन्याचं.

मार्थाचं नाव उरलं ते तिने स्वतः लिहिलं म्हणून. जन्म १७३५चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड गावचा. १७६९च्या घटसर्पाच्या साथीत काही आठवड्यांत तिच्या तीन मुली गेल्या. १७७७ साली ती नवऱ्यामागे इकडे हॅलोवेलला आली. ऑगस्टा तेव्हा हॅलोवेलचाच भाग होता. नवरा एफ्रेम जमिनींची मोजणी करायचा. १ जानेवारी १७८५ ते ७ मे १८१२, सत्तावीस वर्षं, तिने जवळजवळ रोज रोजनिशी लिहिली. त्यात ८१६ बाळंतपणांची नोंद आहे. मूळ वह्या इथल्या स्टेट लायब्ररीच्या ताब्यात आहेत, पण पानं इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. मी निघायच्या आधी रात्री जागून बघितली. बारीक, दाटीवाटीचं अक्षर, शुद्धलेखनाचा आनंद. बाळंतपणाचे पैसे हातात पडले की समासात दोन फुल्या. बाई हिशेबाला पक्की!

२४ एप्रिल १७८९ची नोंद तर मी नवऱ्याला किल्ल्याच्या धक्क्यावर उभं राहून मोबाइलवरून वाचून दाखवली. वादळी पाऊस, नदी खवळलेली. बोलावणं आलं तशी ही होडीतून पलीकडे गेली. पुढचा ओढा तरंगत्या ओंडक्यांवरून ओलांडला. मग एक मोठं झाड मुळासकट समोर कोसळलं आणि घोडा बुजून मागे उसळला. पुढे पूल वाहून गेलेला. न्यायला आलेल्या माणसाने पाण्यात उतरून लगाम धरून घोडा पार केला. रात्री दहाला मुलगी झाली, आई सुखरूप. मार्था तेव्हा चोपन्न वर्षांची होती. सहाच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टनने पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली. शाळेच्या पुस्तकात कुठली तारीख येते ते सांगायला नको.

मला सगळ्यांत हलवून गेली ती १७९१च्या ऑक्टोबरातली हकिगत. लग्नाआधी मूल होत असेल तर ऐन कळांत सुईणीने बापाचं नाव विचारायचं, असा तिथला रिवाज. त्या घडीला बाई खोटं बोलणार नाही हा विश्वास, आणि ती साक्ष कोर्टात चालायची. सॅली पियर्सला मार्थाने तसं विचारलं. सॅलीने नाव घेतलं जोनाथनचं. मार्थाच्याच मुलाचं! तिने ते जसंच्या तसं लिहून ठेवलं. काही महिन्यांत दोघांचं लग्न झालं. पुढे १८०४मध्ये करवसुलीची रक्कम भरता न आल्याने एफ्रेम तुरुंगात गेला, तेव्हा म्हातारपणी तिला याच मुला-सुनेबरोबर एका छपराखाली दिवस काढावे लागले. ते दिवस गोडीचे नव्हते, हे तिच्या नोंदी लपवत नाहीत.

१८७० साली ऑगस्टाचा जाडजूड इतिहास छापला गेला. लेखकाने ही रोजनिशी वाचली होती, उतारेही दिले, आणि वर शेरा मारला की थोडे अपवाद सोडता यात सर्वसाधारण वाचकाला रस वाटावा असं काही नाही. मी तो शेरा वाचून चक्क हसले. लॉरेल थॅचर अल्रिक या इतिहासकार बाईंनी याच नीरस नोंदींवर वर्षानुवर्षं काम करून पुस्तक लिहिलं आणि १९९१चं पुलित्झर पारितोषिक मिळवलं.

किल्ल्यातून आम्ही हॅलोवेलच्या वॉटर स्ट्रीटवर गेलो. विटांच्या जुन्या इमारती, जुन्या वस्तूंची दुकानं, कॉफी बरी. तिथे बसून नवऱ्याने विचारलं, वह्या टिकल्या कशा? घरातल्या बायकांनी टिकवल्या. १८८४ साली त्या मार्थाच्या खापरपणतीकडे, मेरी होबार्टकडे आल्या. ती त्याच सुमारास डॉक्टर झाली होती. आपल्या आनंदीबाई जोशी तेव्हा फिलाडेल्फियात शिकत होत्या; दोन वर्षांनी त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तोही हिंदू प्रसूतिशास्त्रावर. मेरीने वह्या १९३०मध्ये लायब्ररीला देऊन टाकल्या.

अकेडियाला पोचायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी ढग होते, सूर्योदय काही दिसला नाही. लॉब्स्टर मिळाला.