अक्षराखालचा रंग : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बाबांचं निकेल-क्रोमचं छोटं दुकान होतं. ऑइल इंजिनांचे सुटे भाग, सायकलींची हँडलं, दवाखान्यातल्या खाटांचे पाइप असलं काम यायचं. शेतातल्या पंपांना वीज मिळत गेली तसं इंजिनांचं काम आटलं. त्याच सुमारास जुन्या फियाट आणि अँबेसिडर हौसेने पुन्हा उभ्या करणारी माणसं बंपर घेऊन यायला लागली. बंपर उतरवून झाला की वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणखी एक पुडी हमखास निघायची. तिच्यात गाडीचा मोनोग्राम, म्हणजे नावाची अक्षरं. "एवढं पण बघा जमतंय का." ते जमवता जमवता आमचा धंदाच तो झाला. आज मी, माझी बहीण आणि आमचे कामगार मिळून जुन्या गाड्यांची अक्षरं दुरुस्त करतो, नवी घडवतो आणि गाडीवर बसवूनही देतो.

बंपर पोलादाचा, त्याला क्रोम चढवणं बाबांच्या हातात बसलेलं. अक्षरं मात्र झिंकच्या डायकास्टिंगची, म्हणजे वितळलेलं झिंक साच्यात दाबून केलेली. वरून बारीक फोड दिसतात, बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावला की फोड फुटतो आणि आतून पांढरी भुकटी निघते. क्रोमच्या भेगांतून पाणी शिरून आतलं झिंक खाल्लेलं असतं. असं अक्षर थेट आम्लाच्या टाकीत सोडलं तर उरलेलंही विरघळायला लागतं. म्हणून आधी सायनाइडच्या टाकीत तांब्याचा पातळ थर, त्यावर आम्लाच्या टाकीतलं जाड तांबं. खड्डे बुजेपर्यंत चढवायचं, घासायचं, पुन्हा चढवायचं. मग निकेल आणि सगळ्यात शेवटी क्रोम. एका अक्षराला अख्ख्या बंपरइतका वेळ जातो आणि गिऱ्हाईक म्हणतं, एवढंसं तर आहे. दर सांगताना आजही हीच अडचण येते. दर कमी करता येतो, पण तांब्यात काटकसर करूनच, आणि तसं काम आम्ही घेत नाही.

हरवलेलं अक्षर पितळेत करावं लागतं. कोल्हापुरात फाउंड्र्यांना तोटा नाही, पण जुनं अक्षर वाळूत दाबून ओतकाम केलं की नवं बारीक येतं. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. सुट्या अक्षरात ते चटकन कळत नाही. फियाटच्या डिकीवरचं जोडून लिहिलेलं नाव 200 मिलिमीटरचं असेल तर मात्र तीन मिलिमीटर कमी भरतं आणि मागच्या पिना पत्र्याच्या भोकांत बसतच नाहीत. म्हणून पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबायचा नमुना, तेवढाच मोठा करून घेतो. पिना वेगळ्या करून मागून झाळतो, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडतो. ती चांदीची झाळ बहिणीने हुपरीच्या एका कारागिराकडे बसून शिकून घेतली. चांदीच्या दागिन्यांवर आयुष्य गेलेला तो माणूस. झाळ कमीत कमी उष्णतेत कशी पळवायची, पातळ टोक वितळू न देता पिन सरळ कशी उभी ठेवायची, हे त्याने तिला हातचं न राखता शिकवलं. आमच्या कामाची पत त्या झाळीने वाढली.

बसवण्याचं काम आम्ही पूर्वी घेत नव्हतो, ते पेंटरचं. मग सांगलीकडच्या एका गृहस्थांची फियाट आली. बॉनेटवरची अक्षरं चालत्या गाडीतून गळून पडली होती. काही हाती लागली होती आणि त्यांच्या पाठीला डबल टेप घट्ट होता, टेपला रंग घट्ट होता, रंगामागे लांबीसुद्धा (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) होती. बॉनेटवर मात्र अक्षराच्या आकाराचा उघडा पत्रा. टेपने आपलं काम चोख केलं होतं. सुटला होता तो पत्र्यावरचा रंग. गंजावरच लांबी ओढून कोणीतरी रंग मारला होता. अक्षर रंगाला चिकटतं, पत्र्याला नाही, हे त्या दिवशी डोळ्यांसमोर आलं आणि आम्ही अक्षराआधी रंग बघायला लागलो.

त्यासाठी आमच्याकडे एक वयस्कर पेंटर यायला लागले. ते बॉनेटवर तळवा फिरवतात, नखाने टिचकी मारतात आणि सांगतात लांबी कुठे जाड आहे. नवा रंग मारून गाडी आली की त्यांचं ठरलेलं वाक्य : "वाळू दे की मालक, रंग अजून आतनं ओला हाय." हवेवर वाळवलेल्या रंगातून थिनर कितीतरी दिवस निघत राहतो. वर टेप लावून तोंड बंद केलं तर रंग तिथे मऊच राहतो, पुढे फुगतो. आम्ही किमान महिनाभर थांबायला लावतो. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून, रॅली आहे म्हणून लोक घाई करतात. काही कामं त्यापायी गेली. गेली तर गेली.

भोक पाडायचं की टेप लावायचा, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. माझं मत स्पष्ट आहे. कारखान्यातून ज्या जागी भोकं होती तिथे पिनाच हव्यात. पण ती भोकं रंगाच्या आधी तपासायची. अक्षरं एकदा कोरड्या पत्र्यावर लावून बघायची, भोकांच्या कडा घासून साफ करायच्या, प्रायमर आणि रंग कडेच्या आतपर्यंत पोचवायचा. गंज नेहमी त्या उघड्या कडेपासून सुरू होतो आणि रंगाखालून पसरतो. पितळेचं अक्षर असेल तर आणखी जपावं लागतं. पितळ आणि पोलाद यांच्यामध्ये पाणी साठलं की गंजतं ते पोलाद. म्हणून अक्षराखाली पातळ रबराची गादी, पिनेभोवती न सुकणारं सीलर आणि आतून स्पीड नट, म्हणजे पिनेवर दाबून बसणारा पत्र्याचा पातळ नट, तोही बोटांच्या जोराने. झिंकची जुनी पिन पान्याने आवळली की मुळातून तुटते.

बॉनेट बदललेलं असेल, भोकंच नसतील, तर उगाच ड्रिल चालवायला मला आवडत नाही. तिथे ॲक्रिलिक फोमचा टेप चांगला. जागा निम्मं पाणी, निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल अशा मिश्रणाने पुसायची, कारण आधीच्या पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर कुठलाच टेप धरत नाही. जुना एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग असेल तर थिनरचं फडकं जवळसुद्धा आणायचं नाही, रंगच पुसला जातो. गाडी सावलीत हवी. पत्रा गार नको आणि उन्हात तापलेलाही नको. अक्षर एकदा टेकवलं की सरकवता येत नाही, नीट दाबून धरायचं. टेपला पूर्ण ताकद यायला तीन दिवस लागतात, तोवर गाडी धुवायची नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, पत्र्याला हात लावला तरी ओल जाणवते तेव्हा, आम्ही टेपचं काम बंद ठेवतो.

माझा सगळ्यात आवडता भाग आखणीचा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाटबरोबर डॉज आणि प्लिमथ गाड्याही जोडल्या जायच्या. तसल्या एका डॉजच्या बॉनेटवर पाच सुटी अक्षरं बसवायची होती. बॉनेट गोलाईचं. फूटपट्टीने सारखं अंतर ठेवलं तर ओ आणि डी यांच्यामध्ये भगदाड दिसतं, कारण गोल अक्षराच्या कोपऱ्यांत जागा मोकळी राहते. आम्ही मास्किंग टेपची रेघ ओढली, कागदाची अक्षरं चिकटवली आणि गाडीसमोर दहा पावलांवर उभं राहून ती हलवत बसलो. मध्यरेषा दोन्ही मडगार्डांपासून मोजली तर एका बाजूला जास्त भरली. जुन्या गाड्यांचा पत्रा हाताने जुळवलेला, डावं-उजवं तंतोतंत नसतंच. अशा वेळी मी टेपमाप बाजूला ठेवते आणि जाळीच्या मध्यावरून नजरेने ठरवते. बघणारा माणूस जाळीकडेच बघतो. मालकांना कागदी अक्षरांसकट गाडी एक दिवस तशीच ठेवायला सांगितली. संध्याकाळी त्यांनी स्वतःच 'जी' हे अक्षर थोडं आत घ्यायला सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

नावाबद्दल आम्ही हट्टी आहोत. कुर्ल्याहून निघालेली फियाट 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाली, त्याआधीच्या गाडीवर पद्मिनी लिहून देत नाही. लोक रागावतात, "आमच्या घरी सगळे पद्मिनीच म्हणायचे." घरात खुशाल म्हणा, पत्र्यावर तिच्या सालाचं नाव राहू दे. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली, तिची नंबरमालिका व्हीए अक्षरांची. तेव्हापासून मूळ काय होतं याची विचारपूस वाढली. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेल्या, त्यानंतर तर घरात झाकून ठेवलेल्या पद्मिनींचे मालक जास्तच फोन करायला लागले. याचा मला मनापासून आनंद आहे.

आता बेळगाव, पुणे, गोव्याकडूनही काम येतं. गाडी आणणं शक्य नसेल तर अक्षरांसोबत भोकांचा कागदी साचा, नट, रबराच्या गाद्या आणि बहिणीने लिहिलेलं मराठी सूचनांचं पान पाठवतो. तुम्ही जुनी अक्षरं पाठवणार असाल तर ती घासून, चमकवून पाठवू नका. तुटलेली पिन, चिकटलेला जुना रंग, गंजलेला नट सगळं तसंच पुडीत बांधा, आणि भोकांच्या जागेवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेला ठसा सोबत द्या. अक्षरं मूळ कुठे, किती अंतरावर होती ते आम्हाला त्यावरूनच कळतं.