बुखाऱ्याचे सात पीर: 'अर्ध्या दिवसात होतात' असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका

उझबेकिस्तानातील बुखाऱ्यात हॉटेलच्या काउंटरपासून टॅक्सीतळापर्यंत जो तो सांगतो की सात पिरांची यात्रा अर्ध्या दिवसात आटोपते, आणि हे साफ खोटे आहे. आम्ही सकाळी आठ वाजता निघालो आणि रात्री साडेआठला परतलो, तरीही दोन ठिकाणी धड दहा मिनिटे टेकता आले नाही. ज्यांना दिवसभर गाडीत बसण्याची आणि उन्हात चालण्याची सवय आहे आणि ज्यांना या स्थानांविषयी खरोखर आस्था आहे, अशांनीच हा बेत करावा. केवळ मिनार आणि घुमट पाहायचे असतील, तर जुन्या शहराबाहेर पडण्याचे काहीच कारण नाही.

हे सात पीर म्हणजे मध्य आशियातील ख्वाजगान आणि पुढे नक्षबंदी म्हणून ओळखल्या गेलेल्या सूफी परंपरेतील गुरुशिष्यांची सलग साखळी होय. गिज्दुवानचे अब्दुलखालिक गिज्दुवानी हे पहिले. त्यांच्यानंतर शोफिरकोनचे आरिफ रेवगरी, वोबकेंतजवळचे महमूद अंजीर फगनवी, रोमितानचे अली रोमितनी, त्याच भागातील मुहम्मद बाबा समासी, सुखार गावचे अमीर कुलाल आणि शेवटी कस्री ओरिफोनचे बहाउद्दीन नक्षबंद (१३१८ ते १३८९) येतात. रोमितनी विणकर होते आणि अमीर कुलाल कुंभार होते. हात कामात आणि मन ईश्वरात असावे, अशी शिकवण देणाऱ्या परंपरेला ते साजेसेच आहे. गिज्दुवानींनी साधकासाठी आठ नियम घालून दिले, नक्षबंदांनी त्यांत तिनाची भर घातली आणि मोठ्याने जिक्र (ईश्वराचे नामस्मरण) करण्यापेक्षा मनातल्या मनात स्मरण करण्यावर भर दिला. आपल्याकडून जाणाऱ्यासाठी यात आणखी एक धागा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीच्या आवारात ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर हे बुखारा प्रदेशातूनच दख्खनमध्ये आलेले नक्षबंदी होते. पाणचक्की लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळेच मला या फेरीची ओढ होती, हे येथे सांगितले पाहिजे, कारण तशी ओढ नसेल तर पुढे वर्णन केलेला त्रास कोणाला पटणार नाही.

आता मुख्य मुद्दा क्रमाचा. गुरुपरंपरेचा क्रम आणि नकाशावरचा क्रम योगायोगाने बऱ्याच अंशी जुळतो. गिज्दुवान बुखाऱ्याच्या ईशान्येस पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर असून सर्वांत दूरच्या स्थानांपैकी एक आहे. तेथून शोफिरकोन, वोबकेंत आणि रोमितान असे उत्तरेकडून पश्चिमेकडे वळत यायचे आणि मग शहराला वळसा घालून पूर्वेकडील सुखार व कस्री ओरिफोन गाठायचे, म्हणजे शेवटचा मुक्काम शहरापासून जेमतेम बारा किलोमीटरवर येतो. आमच्या चालकाने मात्र 'जवळचे आधी उरकून घेऊ' असे म्हणत सकाळच्या ताज्या वेळात आम्हाला नक्षबंदांच्या आवारात नेले, आणि त्यामुळे दूरची, अरुंद रस्त्यांवरची, पाट्या नसलेली सगळी ठिकाणे ऐन दुपारी आणि संध्याकाळी आमच्या वाट्याला आली. चालक काहीही म्हणो, पहिला थांबा गिज्दुवानच असला पाहिजे. गाडीत बसण्यापूर्वी सातही ठिकाणांची नावे क्रमाने उझबेक भाषेत कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावीत आणि त्याच्याकडून ती मोठ्याने वाचून घ्यावीत. आमच्या चालकाला सातांपैकी तीन ठिकाणे ठाऊकच नव्हती, हे आम्हाला दुपारी कळले.

शोफिरकोनपासून रोमितानपर्यंतचा पट्टा हा या यात्रेचा सर्वांत वाईट भाग आहे. मुख्य रस्ता सोडला की कालव्यांच्या कडेने, कपाशीच्या शेतांमधून आणि रेशीमकिड्यांसाठी छाटलेल्या तुतींच्या रांगांमधून जाणारे गावरस्ते सुरू होतात, आणि त्यांवर डांबर व खड्डे यांचे प्रमाण दर किलोमीटरला बदलत राहते. सप्टेंबरचा पहिला आठवडा असूनही दुपारचे ऊन सहन होत नव्हते. जुलैमध्ये पारा चाळिशीपर्यंत जातो, तेव्हा या वाटेला जाणे हा शुद्ध अविचार ठरेल. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हाच काळ योग्य आहे. फगनवींचे स्थान शोधताना चालकाने चार वेळा गाडी थांबवून गावकऱ्यांना विचारले आणि प्रत्येकाने वेगळी दिशा दाखवली. वोबकेंतचा ११९६ ते ११९८ या काळात बांधलेला उंच मिनार मात्र दुरून दिसतो, म्हणून तो खूण म्हणून धरावा आणि गावातील चौकशी त्याच्या पायथ्याशीच करावी.

याच पट्ट्यात आणखी एक गोष्ट आडवी आली, जी कोणत्याही मार्गदर्शिकेत लिहिलेली नाही. उझबेकिस्तानातील बहुतेक टॅक्सी मिथेन वायूवर चालतात, वायू भरताना सर्व प्रवाशांना खाली उतरून पंपाबाहेर उभे राहावे लागते आणि पंपांवर रांगा असतात. आमचा पाऊण तास सावली नसलेल्या फाटकाशी गेला. चालकाने आदल्या रात्रीच टाकी भरून यावे, ही अट भाडे ठरवतानाच घालावी आणि सकाळी निघण्यापूर्वी काटा स्वतः पाहावा.

भाड्याविषयी मी जरा कठोर लिहिणार आहे. हॉटेलमार्फत आलेल्या या चालकाशी पूर्ण दिवसाचे ४५ डॉलर ठरले होते. पाचव्या थांब्यावर त्याने 'प्रत्येक मजारीचा थांबण्याचा आकार वेगळा' असे जाहीर केले आणि परतल्यावर ८० डॉलर मागितले. हॉटेलच्या माणसाने आमच्याकडे पाहून खांदे उडवले. भाषेची अडचण हे येथील चलाखीचे भांडवल आहे आणि आपण हिंदुस्तानातून आलो म्हणताच हिंदी चित्रपटांची गाणी ऐकवणारा माणूस भाड्यात एक सोमही (सोम हे उझबेक चलन) सोडत नाही. उपाय साधा आहे. यांडेक्स गो हे ॲप बुखाऱ्यात चालते. त्यावर आदल्या दिवशी गिज्दुवानपर्यंतचे एकतर्फी भाडे पाहून ठेवावे आणि त्यावरून संपूर्ण फेरीचा अंदाज बांधावा. रक्कम डॉलरमध्ये न ठरवता सोममध्येच ठरवावी आणि आकडा, थांब्यांची संख्या व परतण्याची वेळ भ्रमणध्वनीवर टंकून चालकाला दाखवून त्याचे छायाचित्र घ्यावे. एका डॉलरला सुमारे बारा हजार सोम पडत असल्याने शून्यांचा गोंधळ होतो आणि त्याचा फायदा नेहमी समोरच्यालाच मिळतो. अर्धी रक्कम निघताना आणि अर्धी परतल्यावर द्यावी. सर्व रक्कम आधी देणे हा मूर्खपणा आहे. ज्यांना रशियन किंवा ताजिक थोडीही येत नाही, त्यांनी एखादा तरुण स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्यावा. त्याचा खर्च वाचलेल्या वेळातून वसूल होतो, असे मी आता खात्रीने म्हणू शकतो.

मजारींवरील रीत आपल्या दर्ग्यांहून वेगळी आहे आणि हे न जाणता गेल्यास अवघडल्यासारखे होते. येथे चादर चढवणे, गुलाब वाहणे, अगरबत्ती लावणे यांपैकी काहीही मला दिसले नाही, आणि कव्वाली तर या परंपरेत अपेक्षितच नाही. कबरीला लोटांगण घालू नये, तिला प्रदक्षिणा घालू नये, दोरे-चिंध्या बांधू नयेत, मेणबत्त्या पेटवू नयेत, अशा सूचनांचे फलक अनेक ठिकाणी लावलेले आहेत. लोक येतात, बाकांवर बसतात, तेथील पठण करणारा कुराणातील काही ओळी म्हणतो, सर्वजण ओंजळ वर धरून दुआ मागतात आणि शेवटी तळहात चेहऱ्यावरून फिरवतात. पठण करणाऱ्यासमोर थोडे पैसे ठेवण्याची प्रथा आहे. ते ऐच्छिक असून पाच-दहा हजार सोम पुरेसे होतात, जास्तीचा आग्रह झाला तर उठून जावे. गंमत अशी की एवढे फलक असूनही नक्षबंदांच्या आवारातील आडव्या पडलेल्या जुन्या तुतीच्या खोडाखालून वाकून जाणाऱ्यांची रांग काही संपत नाही, आणि कोणी कोणाला अडवतही नाही. स्त्रियांनी डोके झाकावे आणि सर्वांनीच गुडघे व खांदे झाकणारे कपडे घालावेत. शनिवार-रविवारी स्थानिक कुटुंबे मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे शांतता हवी असलेल्याने मंगळवार किंवा बुधवार निवडावा.

सातांपैकी कोणती ठिकाणे निवडावीत, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर स्पष्ट आहे. वेळ कमी असेल तर गिज्दुवान आणि नक्षबंद ही दोनच करावीत. गिज्दुवानात तैमूरवंशीय शासक उलुघबेगाने १४३३ मध्ये बांधलेला मदरसा मजारीला लागूनच आहे आणि त्याचे प्रवेशद्वार पाहताना दिवसभराचा राग माझ्या मनातून काही काळ निघून गेला. नक्षबंदांची कबर घुमटाखाली नसून उघड्या आकाशाखाली, दगडी चौथऱ्यावर आहे, आणि शेजारी अब्दुलअजीज खानाने १५४४ मध्ये बांधवलेली खानकाह, म्हणजे सूफींचा मठ, उभी आहे. सोव्हिएत काळात हे आवार यात्रेकरूंना बंद होते, त्यामुळे आज तेथे दिसणारे बरेचसे काम १९९३ च्या जीर्णोद्धाराचे आणि त्यानंतरचे आहे. प्राचीन वास्तूच्या अपेक्षेने जाणाऱ्याची तेथे निराशा होऊ शकते. मधली तीन स्थाने, म्हणजे रेवगरी, फगनवी आणि समासी यांची, केवळ साखळी पूर्ण करण्याचा निर्धार असलेल्यांसाठीच आहेत.

शाकाहारी मंडळींनी सोबत शिदोरी घ्यावी, हे मी आग्रहाने सांगतो. गावांमध्ये दुपारी मिळते ते शाशलिक (सळईवर भाजलेले मांस), मांसाचा सोमसा (समोशासारखा पदार्थ) आणि पुलाव, आणि गिज्दुवानची ख्याती तर तळलेल्या माशांसाठी आहे. भोपळ्याचा सोमसा शोधल्यास सापडतो, टोमॅटो-कांद्याचे अचिचुक आणि तंदुरातील नान सर्वत्र मिळते, हिरवा चहा अखंड मिळतो. उपाहारगृहांच्या बिलात सेवाशुल्क वेगळे जोडलेले असते, ते पाहून घ्यावे. स्वच्छतागृहांसाठी सुटे सोम खिशात असू द्यावेत.

जुन्या शहराविषयी फारसे लिहिण्याची गरज नाही, कारण ते पायी फिरता येते आणि चुकण्यासारखे त्यात काही नाही. कल्यान मिनार (११२७), इस्माईल सामानीची दहाव्या शतकातील समाधी आणि ल्याबी हौजच्या काठचा चहा यांत एक दिवस सुखाने जातो.

कागदपत्रे आणि रेल्वे यांबाबत मात्र सावध राहावे. भारतीयांना उझबेकिस्तानचा ई-व्हिसा काढावा लागतो आणि तो एकदाच प्रवेशाचा असेल, तर ताजिकिस्तान किंवा कझाकस्तानात फेरी मारून परत येता येत नाही, म्हणून तसा बेत असल्यास आधीच अनेक प्रवेशांचा व्हिसा घ्यावा. प्रत्येक हॉटेलकडून नोंदणीची पावती मागून जपून ठेवावी. ताश्कंदहून येणाऱ्या अफ्रासियाब या जलदगाडीची तिकिटे लवकर संपतात, त्यामुळे विक्री सुरू होताच काढावीत. बुखाऱ्याचे रेल्वे स्थानक शहरात नसून बारा-तेरा किलोमीटरवरील कागान येथे आहे. तेथे फलाटाबाहेर उभे असलेले टॅक्सीवाले जे भाडे सांगतात ते ऐकू न आल्यासारखे करून थोडे पुढे चालत जावे आणि ॲपवरून गाडी बोलवावी. सात पिरांची फेरी आणि परतीची गाडी यांच्यामध्ये एक पूर्ण रात्र ठेवावी. आमच्याबरोबर निघालेल्या एका जोडप्याने त्याच संध्याकाळचे तिकीट काढले होते आणि त्यांना समासी व अमीर कुलाल सोडून थेट कागानला धावत जावे लागले.