सोय जाणे तो

आमच्या बेळगावात एका बँकेला काचेचं दार आहे. दाराला बाहेरून स्टीलची उभी मूठ, चकचकीत, हात आपोआप तिच्याकडे जावा अशी. मुठीच्या वर दोन भाषांत चिकटवलंय: कन्नडमध्ये 'तळ्ळिरी' आणि इंग्रजीत 'पुश'. म्हणजे ढकला. आणि येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस दार ओढतो. काच खडखडते, माणूस ओशाळतो, आतल्या खुर्चीवरचे वॉचमन अण्णा मान वर न करता म्हणतात, "तळ्ळ्री... ढकला, ढकला."

परवा पासबुक भरून घ्यायला रांगेत उभा होतो. काम काही नव्हतं, म्हणून मोजलं. अकरा माणसं आली, नऊ जणांनी ओढलं. त्यांत एक निवृत्त हेडमास्तर होते, डोक्यावर भाजीची रिकामी पाटी घेतलेली एक मावशी होती आणि कानाला फोन लावलेला एक पोरगा होता. त्यांच्या आधी मीही ओढलंच होतं, आणि मी आठ वर्षं त्या बँकेत जातोय.

सीमाभागात पाटी हा साधा विषय नाही. कुठली भाषा वर, कुठली खाली, मराठी आहे की नाही, यावर आमच्याकडे मोर्चे निघतात. पण त्या दारावर ठसठशीत मराठीत 'ढकला' लिहिलं असतं, तरी आम्ही सगळे ओढतच राहिलो असतो. कारण मूठ पाटीपेक्षा मोठ्यानं बोलते. ती म्हणते, धर आणि ओढ. त्या जागी नुसता एक सपाट पत्रा ठोकला असता तर? पत्र्याला माणूस दुसरं काय करणार, हात टेकवून ढकलणार. कन्नडिगा ढकलेल, मराठी ढकलेल, आणि ज्याला वाचताच येत नाही तोही ढकलेल.

हे माझ्या डोक्यात आलं ते भाचीमुळे. ती बेंगळूरला 'यूएक्स डिझायनर' आहे, म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं कसं जाईल ते बघते. पण घरात बरीच वर्षं समज असा, की ती ॲपला रंग देते. लग्नकार्यात कुणी विचारलं की मीही तेच सांगायचो, आणि ती लांबून माझ्याकडे बघायची. तिनंच मला डॉन नॉर्मन नावाच्या अमेरिकन गृहस्थांबद्दल सांगितलं. १९९३ साली ते ॲपल कंपनीत गेले आणि त्यांनी आपल्या हुद्द्यात 'यूजर एक्सपीरिअन्स' हे शब्द घातले; भाचीच्या हुद्द्यातलं 'यूएक्स' ते हेच. त्यांचं म्हणणं, माणसाचा वस्तूशी संबंध फक्त पडद्यापुरता नसतो. दुकानात ती पहिल्यांदा दिसते, मग खोकं घरी येतं, ते उघडायला लागतं, हे सगळं त्यातच आलं. आणि आमच्या बँकेतल्यासारख्या दारांना जगभर त्यांच्याच नावानं 'नॉर्मन डोअर' म्हणतात. दारं फसवी आणि नाव बिचाऱ्याचं.

'यूजर एक्सपीरिअन्स'ला मराठीत 'वापरकर्ता अनुभव' म्हणतात. हा शब्द ऐकला की मला अर्जातला रिकामा रकाना आठवतो. आपल्याकडे 'सोय' होता की! सोय जाणे तो सोयरा. माझी आजी पाहुणा झोपायला जाण्याआधी त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायची, त्यावर फुलपात्र पालथं. दिव्याचं बटण कुठं, न्हाणीघराची कडी वर करून मग कशी सरकवायची, हे ती त्याच्याकडून एकदा करवून घ्यायची. रात्री पाहुण्याला हाक मारावी लागली, तर तिला तो स्वतःचा अपमान वाटायचा.

भाची गेल्या मे महिन्यात आली होती, तेव्हाची गोष्ट. माझी आई नव्या फोनवर विजेचं बिल बघायला बसली. ॲप उघडलं ते कन्नडमध्ये. आईला कन्नड बोलता येतं, बाजारात ती कन्नडमध्ये भांडूसुद्धा शकते, पण वाचता येत नाही. तिची शाळा मराठी. मी मदतीला सरसावलो, तर भाचीनं माझा हात धरला. "मामा, गप बस. बघू दे मला."

आई वर सरकवते, खाली सरकवते. मध्येच चष्मा पुसते. एका हिरव्या बटणावर बोट नेते आणि मागे घेते. "हे दाबलं आणि पैसे गेले तर?" भाची एका वहीत काहीतरी लिहितेय, चेहऱ्यावर काही नाही. पाच-सहा मिनिटं हे चाललं. मग आईनं फोन पालथा ठेवला. "माझंच काहीतरी चुकलं बघ. बोलायला येतंय, खरं ह्यातलं काय कळंना."

"आज्जी, तुझं काही चुकलेलं नाही," भाची म्हणाली, आणि मला वही दाखवली. त्या ॲपमध्ये भाषा बदलायची सोय होती. एका मेनूच्या आत, त्यातल्या दुसऱ्या मेनूच्या आत. फक्त त्या बटणावरचं 'भाषा बदला' हेही कन्नडमध्येच लिहिलेलं. म्हणजे कन्नड नको असेल तर आधी कन्नड वाचता यायला हवं! यावरचा उपाय फार अवघड नाही. प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहायचं आणि ते पहिल्याच पानावर ठेवायचं. वीस शब्दांच्या गर्दीतसुद्धा आईला 'मराठी' हा एक शब्द लांबून दिसला असता.

मला राग आला तो आईनं स्वतःला दोष दिला याचा. दार ओढणारे हेडमास्तरही तसेच ओशाळले होते. आम्ही सीमाभागातले लोक तर या बाबतीत फारच सोशिक. माझे आजोबा खानापूरची बस ओळखायचे ती पाटीच्या आकारावरून, अक्षर त्यांना एकही येत नव्हतं. आकार चुकला तर कंडक्टरचा 'खानापूर खानापूर खानापूर' होताच. आमच्या टिळकवाडीत पत्ता सांगायचा तर पहिलं रेल्वे गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, असा हिशोब. तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल झाला, तरी रिक्षावाल्याला 'तिसरं गेट'च सांगायचं. माणसं आपापली खूण शोधतात आणि निभावून नेतात. मग वरच्यांना वाटतं, चाललंय की, तक्रार कुठं आहे!

आईच्या त्या हिरव्या बटणावरून मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. ते मूळचे याच जिल्ह्यातले, जन्म गुर्लहोसूरचा, १८६९ चा. बेळगावात त्यांनी १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर काढला, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. शेतकऱ्यांना वाटायचं, लोखंडानं जमिनीत विष भिनेल. हे सांगताना लोक हसतात. मला नाही हसू येत. ज्या मातीवर वर्षाचं पोट, तिच्यात अनोळखी वस्तू घालायची तर माणूस विचारणारच, जमीन गेली तर? फाळ किती टिकतो हा कारखान्याचा प्रश्न होता, त्याचा नव्हे. (याच लक्ष्मणरावांना रंग नीट ओळखता येत नसत. जे. जे. मधलं चित्रकलेचं शिक्षण त्यांनी त्यापायी सोडलं. 'हिरवं बटण दाबा, लाल दाबू नका' असं सांगणाऱ्या ॲपवाल्यांनी किर्लोस्कर रोडवरून एक फेरी मारावी.)

उलटा अनुभवही येतो. गणपत गल्लीत एक मावशी कोथिंबीर, मेथी विकते. हात कायम ओले, फोन पिशवीच्या तळाशी. तिच्यापुढे पैसे आल्याचं बोलून सांगणारा तो छोटा डबा असतो. गिऱ्हाइकानं कोड स्कॅन केला की डबा आकडा बोलतो, मावशी मान न वळवता जुडी पिशवीत टाकते. पडदा पुसायचा नाही, वाचायचं नाही, गिऱ्हाइकाला 'दाखव बघू' म्हणून अवघडवायचं नाही. डबा बोलतो कन्नडमध्ये, मावशी उचगावची मराठी, गिऱ्हाईक बहुधा उर्दू बोलणारं. आकडा तिघांनाही कळतो. मी तिला विचारलं, हे बरं आहे का? तिला प्रश्नच कळला नाही. "काय बरं?" म्हणाली. डब्याकडे बोट दाखवलं तेव्हा कुठं, "हां, ते व्हय!"

भाचीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, मामा, मला पगारवाढीपेक्षा असं काहीतरी ऐकायला आवडेल.

काल पुन्हा बँकेत गेलो. सवयीनं हात पुढे केला आणि अडखळलो. मूठच दिसेना. जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा मुठीवर आडवा धरून सुतळीनं करकचून बांधला होता, अगदी सपाट. त्यावर कुठल्याच भाषेत काही लिहिलेलं नव्हतं. तळव्यानं ढकललं, दार उघडलं. आत खुर्चीवर वॉचमन अण्णा डुलकी घेत होते.